स्क्रिप्टने फोटोंची वर्ड किंवा पीडीएफ फाइल बनवायला तासन्‌तास लागतात? या क्रमाने तपासा

शाळेच्या ५०० मुलांची आयडी कार्डे, सौहार्द सहकारी सोसायटीच्या सभासदांची फोटोसह यादी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा कास्टिंगचा कॅटलॉग, शहापूर-वडगावच्या साड्यांचा अल्बम. कामे वेगवेगळी असली तरी दुखणे एकच असते. नुसत्या मजकुराची फाइल बनवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चार सेकंदांत संपते. त्यात फोटो घातले की जेवून आलो तरी चालूच असते.

लक्षणे अशी दिसतात:

– पहिले ४०-५० फोटो झरझर जातात, मग प्रत्येक फोटोला आधीच्यापेक्षा जास्त वेळ लागू लागतो.
– पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत वेग सारखाच, पण संथ.
– तयार फाइल दीड-दोन जीबीची होते. वर्डमध्ये उघडताना खिडकी पांढरी पडते आणि प्रेसवाल्याला पाठवता येत नाही.
– मध्येच ‘मेमरी एरर’ येऊन स्क्रिप्ट बंद पडते.
– एका कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत होणारे काम दुसऱ्यावर तासभर चालते.
– काही फोटो आडवे पडतात, तर काहींच्या जागी रिकामी चौकट येते.

पहिली दोन लक्षणे सारखी वाटतात, पण त्यांची कारणे निराळी आहेत. म्हणून काहीही बदलण्याआधी मोजा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फोटोच्या आधी आणि नंतर वेळ नोंदवा आणि फरक छापा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘टाइम’ मॉड्यूलमधला ‘पर्फ-काउंटर’ त्यासाठीच आहे. आधी १० फोटोंवर चालवा, मग १०० वर. १०० फोटोंना १० फोटोंच्या दसपट वेळ लागला तर प्रत्येक फोटोच जड आहे. तीस-चाळीसपट लागला तर फाइल वाढेल तसे काम वाढते आहे. प्रत्येक फोटो जड असेल तर उपाय दुसऱ्या तपासणीत आहे, काम वाढत जात असेल तर पाचव्या तपासणीत. हे न मोजता नवा कॉम्प्युटर किंवा जास्त रॅम घेण्यात पैसे घालू नयेत.

१. फोटो नक्की कुठे आहेत?

या तपासणीला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटे. मुलांचे फोटो गूगल फॉर्मवरून आले असतील तर ते ड्राइव्हवर पडलेले असतात. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचे ॲप ‘स्ट्रीम’ पद्धतीने लावलेले असेल तर फोल्डरमध्ये फाइल दिसते, पण ती डिस्कवर नसते. स्क्रिप्टने उघडली की तेव्हा ती इंटरनेटवरून उतरते. वनड्राइव्हचेही तसेच: फाइलच्या नावाशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती इथे नाही असे समजा. खानापूरच्या आतल्या गावांत, पावसाळ्यात नेट रडत असताना ५०० फोटो असे एकेक करून उतरवणे म्हणजे दिवस गेला.

सगळे फोटो कॉम्प्युटरच्याच डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. पेन ड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या शेअर केलेल्या फोल्डरवरून थेट स्क्रिप्ट चालवू नका. फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका, कारण पुष्कळ कॉम्प्युटरांवर डेस्कटॉपच वनड्राइव्हला जोडलेला असतो.

अँटिव्हायरसही इथेच बघा. स्क्रिप्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. अँटिव्हायरस प्रोसेसर खात असेल तर फक्त त्या एका फोल्डरला सूट द्या आणि काम संपल्यावर ती काढून टाका. अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नये, विशेषतः पेन ड्राइव्ह हातोहाती फिरणाऱ्या ऑफिसात.

फाइलची नावे बघायलाही हीच वेळ चांगली. नावे मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर दिसायला सारखेच नाव आत दोन तऱ्हांनी लिहिलेले असू शकते. मग एक्सेलमधले नाव आणि फाइलचे नाव जुळत नाही आणि रिकामी चौकट येते. फोटोला हजेरी क्रमांक किंवा सभासद क्रमांक द्या, नाव फक्त एक्सेलमध्ये ठेवा.

२. पानावर लहान दिसणारा फोटो फाइलमध्ये लहान नसतो

बहुतेक वेळा रोग इथे सापडतो, म्हणून इथे जरा थांबू.

आजच्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. जेपीजी फाइल म्हणून तो ४ एमबीचा दिसतो, पण उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात, म्हणजे मेमरीत ३६ एमबी. आता आयडी कार्डावर फोटो लागतो पासपोर्ट मापाचा, ३५ × ४५ मिलिमीटर. छपाईच्या ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ते होतात ४१३ × ५३१ पिक्सेल. मेमरीत ०.६६ एमबी. म्हणजे गरजेच्या पन्नासपटीहून जास्त ओझे प्रत्येक फोटोमागे वाहिले जाते.

स्क्रिप्टमध्ये फोटोची रुंदी ३५ मिलिमीटर लिहिली म्हणजे फोटो लहान झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. तो लहान होत नाही. ती रुंदी म्हणजे फक्त ‘एवढ्या चौकटीत दाखव’ अशी सूचना. ४ एमबीची मूळ फाइल जशीच्या तशी आत जाऊन बसते. ५०० फोटो गुणिले ४ एमबी म्हणजे २ जीबी. फाइल एवढी का फुगली याचे उत्तर तिथेच आहे. फोटोचा नुसता डीपीआयचा आकडा ७२ वरून ३०० केला तरी पिक्सेल तेवढेच राहतात आणि वेळही तेवढाच लागतो.

उपाय असा: दस्तऐवज बनवणाऱ्या स्क्रिप्टच्या आधी एक वेगळी, छोटी स्क्रिप्ट चालवा. ती सगळे फोटो एकदाच लहान करून दुसऱ्या फोल्डरात ठेवेल आणि मुख्य स्क्रिप्ट फक्त तिथूनच फोटो उचलेल. पायथनची पिलो ही फोटो हाताळणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) यासाठी पुरते. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका:

आधी ‘ओपन’. यात फक्त फाइलचे डोके वाचले जाते, फोटो अजून उलगडत नाही.

मग लगेच ‘थंबनेल’, १००० × १००० च्या चौकटीत. जेपीजी फोटो उलगडतानाच अर्ध्या, पाव किंवा एक-अष्टमांश मापात घेता येतो आणि ‘थंबनेल’ ही सोय आपणहून वापरते. पण फोटो आधीच उलगडला गेला असेल तर ही सोय हातची जाते. म्हणून फिरवणे आणि रंग बदलणे यांना याच्या आधी हात लावायचा नाही. ‘थंबनेल’ऐवजी थेट ‘रिसाइझ’ वापरले की काम बरोबर होते, पण सगळे ३६ एमबी उलगडून मग.

मग ‘एक्झिफ-ट्रान्सपोज’. मोबाइल फोटो आडवाच साठवतो आणि ‘हा उभा दाखवा’ अशी चिठ्ठी आत ठेवतो. ती चिठ्ठी काही लायब्रऱ्या वाचतात, काही वाचत नाहीत. आडवे पडलेले फोटो त्यातूनच येतात. चौकट चौरस घेतली ती याचसाठी: फोटो नंतर उभा झाला तरी पिक्सेल कमी पडत नाहीत.

मग आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा) रंगात बदल. फोटो स्टुडिओतून आलेल्या काही फाइली सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) असतात. त्या तशाच घातल्या तर काही ठिकाणी रंग उलटे-पालटे दिसतात.

मग ‘फिट’ने ४१३ × ५३१ ला कापा. कापताना मधोमध न धरता उभ्या दिशेने ०.३ च्या आसपास धरा. नाहीतर उंच मुलांच्या डोक्याचा वरचा भाग जातो.

शेवटी जेपीजी म्हणून साठवा, क्वालिटी ८५, डीपीआय ३००. फाइल साधारण ५० ते १०० केबीची होते. ९५ च्या वर क्वालिटी देऊ नका. फाइल फुगते, डोळ्याला फरक दिसत नाही. अशी नव्याने साठवलेली फाइल मोबाइलने फोटोत लपवलेली जागेची नोंदही सोबत नेत नाही, जोवर तुम्ही ती मुद्दाम देत नाही तोवर. मुलांचे फोटो असतील तर हे वेगापेक्षाही महत्त्वाचे आहे.

दुसऱ्यांदा चालवताना मूळ फाइलची तारीख लहान फाइलपेक्षा जुनी असेल तर तो फोटो वगळा. म्हणजे उशिरा आलेल्या चार मुलांसाठी पाचशे फोटो पुन्हा करावे लागत नाहीत. मूळ फोटोंवर कधीही लिहू नका.

माप कामाप्रमाणे ठरवा. कॅटलॉगमध्ये कास्टिंगचा फोटो १२० मिलिमीटर रुंद असेल तर ३०० डीपीआयला १४१७ पिक्सेल लागतात. साडीच्या काठाचे विणकाम दाखवणारे पूर्ण ए-४ पान असेल तर २४८० × ३५०८ लागतात आणि तिथे कंजुषी करू नये. काठाची बारीक नक्षी गेली तर तो अल्बम काय कामाचा? फक्त मोबाइलवर बघायची पीडीएफ असेल तर १५० डीपीआय भरपूर. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो बहुधा आधीच लहान झालेला असतो. तो मोठा करून काही मिळत नाही.

१०८ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो आला तर पिलो इशारा देते, २०० मेगापिक्सेलला थेट त्रुटी देऊन थांबते. फसव्या फाइलींपासून बचाव म्हणून ती मर्यादा ठेवलेली आहे. ती सरसकट काढू नका. तो एक फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लहान करून घ्या. आयफोनचे एचईआयसी फोटो पिलो एकटी उघडत नाही, तिला ‘पिलो-हाइफ’ची जोड लागते.

३. पीएनजी की जेपीजी

फोटो जेपीजीत ठेवा. शाळेचे बोधचिन्ह, शिक्का, सही पीएनजीत. माणसाचा फोटो पीएनजीत ठेवला तर फाइल कितीतरी पट मोठी होते. पारदर्शक पीएनजी पीडीएफमध्ये जाताना रंग आणि पारदर्शकता अशी दोन चित्रे होऊन जाते, म्हणून काम दुप्पट. पार्श्वभूमी पांढरीच असेल तर पारदर्शकता कशाला? पांढऱ्यावर बसवून टाका.

४. तेच चित्र पुन्हा पुन्हा जाते का? आणि नावांची चित्रे तर नाहीत ना?

बोधचिन्ह, मुख्याध्यापकांची सही आणि कार्डाची मागची रचना प्रत्येक कार्डावर सारखीच असते. पीडीएफ बनवणाऱ्या रिपोर्टलॅब लायब्ररीत ‘ड्रॉ-इनलाइन-इमेज’ वापरले असेल तर ते चित्र प्रत्येक वेळी नव्याने फाइलमध्ये जाते. ‘ड्रॉ-इमेज’ वापरा आणि त्याला दर वेळी तोच फाइलचा पत्ता द्या. चित्र एकदाच साठते. फोटोंच्या बाबतीतही जेपीजीचा पत्ताच द्या. पिलोत उघडलेला फोटो तसाच हातात दिला तर रिपोर्टलॅबला त्याचे सगळे पिक्सेल घेऊन पुन्हा दाबावे लागतात: वेळही जातो, फाइलही फुगते. पत्ता दिला तर जेपीजी न उलगडता आत जाते. वर्डमध्ये एकच बोधचिन्ह सगळ्या पानांवर हवे असेल तर ते हेडरमध्ये एकदाच ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागात हटकून सापडते. कार्डावर नाव मराठीत हवे आणि कन्नडमध्येही. पीडीएफ बनवणाऱ्या जुन्या लायब्रऱ्या जोडाक्षरे मोडतात: ‘क्षीरसागर’चा क्ष फुटतो, कन्नडचे ‘ओत्तक्षर’ खाली न बसता बाजूला पडते. वैतागून लोक नावाचेच चित्र बनवून चिकटवतात. ५०० मुले, दोन भाषा, म्हणजे १००० जादा पीएनजी. शिवाय त्या पीडीएफमध्ये नाव शोधता येत नाही आणि छपाईत अक्षरांच्या कडा फाटतात. नावाला अक्षर म्हणूनच राहू द्या. वर्डच्या वाटेने गेलात तर वर्ड आणि लिबरऑफिस दोन्ही लिप्या नीट जुळवतात. थेट पीडीएफ हवी असेल तर अक्षरे जुळवणाऱ्या पॅंगोवर चालणारी वीझीप्रिंट लायब्ररी वापरा, सोबत नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड हे फॉन्ट. शाळेकडून आलेली यादी जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) करून घ्या, नाहीतर रोमन अक्षरांची खिचडी छापली जाईल.

५. पुढे पुढे वेग मंदावतो: वर्डची फाइल

हे पहिल्या लक्षणाचे मूळ. वर्डची फाइल बनवणाऱ्या पायथन-डॉक्सने ‘ॲड-पिक्चर’ केले की ती लायब्ररी बघते, हाच फोटो आधी घातला आहे का? त्यासाठी ती नव्या फोटोचा ठसा (पूर्ण फाइल वाचून काढलेला ओळख-आकडा) काढते आणि आधीच्या प्रत्येक फोटोच्या ठशाशी ताडून पाहते. जुन्या फोटोंचे ठसे ती जपून ठेवत नाही, दर वेळी नव्याने काढते. सगळे ५०० फोटो वेगळे असतील तर अशा तुलना होतात १,२४,७५०. फोटो ४ एमबीचा असेल तर ठसे काढण्यासाठी मेमरीतून जवळजवळ ५०० जीबी माहिती चाळली जाते. तोच फोटो ७० केबीचा असेल तर सुमारे ९ जीबी. फोटो लहान करण्याचा फायदा इथे दुसऱ्यांदा मिळतो तो असा.

एवढ्याने भागले नाही तर तुकडे करा. १०० मुलांची एक फाइल, अशा पाच. तुलना उरतात २४,७५०, म्हणजे एक पंचमांश. वर्गवार किंवा शाखावार तुकडे केले तर तपासायलाही सोपे जाते आणि मध्येच वीज गेली तर एकाच तुकड्याचे काम वाया जाते. प्रत्येक तुकडा पूर्ण झाला की लगेच साठवा.

तुकडे वर्डमध्ये परत जोडायच्या भानगडीत पडू नका. स्क्रिप्टने कॉपी करताना फोटोंचे आतले दुवे तुटू शकतात आणि रिकाम्या चौकटी येतात. प्रत्येक तुकड्याची पीडीएफ करा आणि पीडीएफ जोडा.

६. पीडीएफ करताना

लिबरऑफिसने स्क्रिप्टमधून पीडीएफ करताना प्रत्येक फाइलसाठी ते नव्याने सुरू केले तर सुरू होण्यातच दर वेळी काही सेकंद जातात. एकाच आज्ञेत सगळ्या फाइलींची नावे द्या. त्याआधी लिबरऑफिसची उघडी खिडकी बंद करा, नाहीतर आज्ञा काही न करता परत येते असे बऱ्याचदा होते. पीडीएफच्या सेटिंगमध्ये चित्रे ३०० डीपीआयपर्यंत कमी करण्याची खूण मुळातच असते. फोटो आधीच मापाचे असतील तर तिथे करण्यासारखे काही उरत नाही आणि ही पायरी भराभर संपते.

७. मेमरी आणि प्रोसेसर

इथपर्यंत येण्याची वेळ क्वचितच येते. मेमरी एरर अजून येत असेल तर पायथन ३२ बिटचे आहे का ते बघा. विंडोजवर ३२ बिटच्या प्रोग्रॅमला सहसा २ जीबीच मेमरी मिळते, कॉम्प्युटरात १६ जीबी असली तरी. ६४ बिटचे पायथन मोफत आहे. दुसरे कारण म्हणजे स्क्रिप्ट आधी सगळे फोटो यादीत उघडून ठेवते आणि मग वापरते. असे २०० फोटो उलगडले की ७ जीबी गेले. एक उघडा, काम करा, बंद करा, मग दुसरा.

फोटो लहान करण्याचे काम एकाच वेळी प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटता येते, कारण एका फोटोचा दुसऱ्याशी संबंध नाही. कोअर आठ असतील तर सात प्रक्रिया लावा, एक कोअर कॉम्प्युटरला राहू द्या. विंडोजवर मुख्य काम ‘मेन’च्या अटीखाली (‘ही फाइल थेट चालवली असेल तरच’) लिहावेच लागते, नाहीतर प्रत्येक उपप्रक्रिया तीच स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवू पाहते आणि त्रुटी येते. दस्तऐवजात फोटो घालण्याचे काम मात्र असे वाटू नका. एका फाइलमध्ये दोन प्रक्रिया लिहू लागल्या की फाइल बिघडते.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, आणि डिस्क जुनी फिरती असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्यात अर्थ आहे. रॅम त्यानंतर.

कुठे थांबायचे आणि कुणाला बोलवायचे

फोटो कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तीच फाइल कधी उघडते आणि कधी नाही असे होत असेल, तर स्क्रिप्टचा विचार सोडा. कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. डिस्क दुरुस्त करणारे मोफत प्रोग्रॅम अशा डिस्कवर चालवू नका; त्यांनी डिस्कला आणखी ताण पडतो आणि वाचण्याजोगे फोटोही जातात.

फोटो सोसायटीच्या खातेवहीच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या डेटाबेसमध्ये असतील तर ते बाहेर काढायला सॉफ्टवेअर देणाऱ्यालाच बोलवा. चालू डेटाबेसवर स्वतःची स्क्रिप्ट सोडली आणि एखादा तक्ता अडकून पडला तर काउंटरवरचा व्यवहार थांबेल.

रंगीत कॅटलॉग ऑफसेटवर जाणार असेल तर मोठी तुकडी चालवण्याआधी प्रेसमधल्या डीटीपी करणाऱ्याला विचारा: डीपीआय किती, रंग सीएमवायके की आरजीबी, कडेला किती मिलिमीटर जादा. दोन पाने नमुन्याला पाठवा. तो हो म्हणाला की मगच पाचशे.

आणि १ ते ६ सगळे करूनही १०० फोटोंचा एक तुकडा दहा मिनिटांत होत नसेल, तर स्वतः आणखी दिवस घालवू नका. वेळेच्या नोंदी, स्क्रिप्ट आणि पाच-दहा नमुना फोटो एखाद्या अनुभवी प्रोग्रॅमरला दाखवा. नमुन्यात खऱ्या मुलांचे किंवा सभासदांचे फोटो, आधार क्रमांक, पत्ते देऊ नका; त्याच मापाचे झाडाचे, भिंतीचे फोटो चालतात, कारण वेळ पिक्सेलना लागतो, चेहऱ्यांना नाही.